शिकारीची आदली रात्र

माणसानं जनावर मारावं का, हा प्रश्न आमच्या गावात कुणी कुणाला विचारलेला मला आठवत नाही. कुणी मारावं, कसं मारावं, कधी मारू नये आणि मारल्यावर वाटे कसे करावेत, यावर मात्र रात्र रात्र बोलणी चालायची. गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, सह्याद्रीच्या पोटात. रान घराच्या मागच्या दारापर्यंत आलेलं. मी दहा-अकरा वर्षांचा होतो तोवर गावाची सामाईक शिकार व्हायची. वर्षातनं एकदा, शिमग्याच्या आगंमागं. ती शिकार मी पोरवयात लांबनंच पाहिली. पण शिकारीच्या आदल्या रात्रीची देवळातली बैठक मात्र खांबाला टेकून जागत ऐकली, आणि आज साठी उलटल्यावर मला ती बैठकच जास्त आठवते.

त्या बैठकीत सगळं ठरायचं. हाकारे कुठल्या अंगानं चढणार, ठासणीच्या दोन बंदुका कुठल्या वाटेवर बसणार, कुत्री कुणाची. हे झालं कामाचं. त्यानंतर दुसरी बोलणी सुरू व्हायची. गाभण मादी दिसली तर बार टाकायचा नाही. पिल्लू मागं असलेली सोडायची. जनावर डोळ्यानं दिसल्याशिवाय नुसत्या पाचोळ्याच्या आवाजावर बार टाकायचा नाही, कारण पलीकडे आपलाच हाकाऱ्या असतो. जनावर देवराईत शिरलं की ते देवाचं झालं, माघारी फिरायचं. आणि बार लागून जनावर पळालं, तर ज्याचा बार त्यानं त्याच्या मागं जायचं. अंधार पडो, पाय मोडो, जखमी जनावर रानात टाकून घरी जेवायला यायचं नाही.

मग वाटे. जनावर अजून डोंगरात सुखानं चरत असायचं आणि देवळात त्याचे वाटे पडलेले असायचे. एक देवाचा, बार टाकणाऱ्याला एक जादा, हाकाऱ्यांना सारखे, कुत्र्यांचा एक, आणि ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घराला न मागता एक. सगळं झालं की गुरव गाऱ्हाणं घालायचा. त्याआधी म्हातारे एकेकाकडं बघून विचारायचे, "कुणाचं काय म्हणणं हाय का?" एकानं जरी नाही म्हटलं तर नारळ वाढवायचा नाही, हा रिवाज. कारण विचारायचं नाही. कुणाला वाईट स्वप्न पडलेलं असायचं, कुणाच्या घरात बाई अवघडलेली असायची. एकदा असंच एकानं मान हलवली आणि चाळीस माणसं काही न बोलता आपापल्या घरी गेली.

हे सगळं आदल्या रात्रीच का? सकाळी डोंगराच्या पायथ्याला का नाही? मोठेपणी मला याचं उत्तर मिळालं ते असं. माणूस थंड असतो तेव्हाच त्याला विचार करता येतो. हाकाटी उठली, कुत्री भुंकायला लागली, काळीज छातीत धडधडायला लागलं की माणसाचं बोट स्वतःच्या डोक्याला विचारत नाही. तेव्हा जे करायचं नाही ते आधीच ठरवून, देवासमोर बोलून बांधून ठेवायचं. रानात गेल्यावर नवी नीती सुचत नाही. सोबत नेलेली असेल तेवढीच कामी येते.

ही शिकार पुढं बंद झाली. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. कायदा आला नसता तर आमच्या डोंगरात आज भेकरही दिसलं नसतं, हे मी मानतो. त्याविषयी माझी तक्रार नाही. हा विषय माझ्या डोक्यात पुन्हा आला तो वेगळ्याच वाटेनं.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. कोलोरॅडो राज्यात. कॉम्प्युटरची नोकरी. लहानपणी माझ्याबरोबर राखणीला माळ्यावर झोपलेला पोरगा आहे, त्यामुळं रानाची ओढ तिथंही सुटली नाही. गेल्या वर्षी त्यानं धनुष्यबाण शिकायला घेतले. आणि यंदाच्या सप्टेंबरात तो आणि त्याचे तीन मित्र, दोन तिथलेच आणि एक आपल्या नगरकडचा, असे चौघं मिळून एल्कच्या शिकारीला जायचा बेत करत आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण त्याहून थोराड. मोठा नर तीनशे किलोच्या आसपास भरतो. जागा म्हणजे सान हुआन नॅशनल फॉरेस्ट. सरकारी जंगल, पण तिथं कुणीही जावं, तंबू ठोकावा आणि परवाना काढला असेल तर हंगामात शिकार करावी. अशी राष्ट्रीय जंगलं त्या देशात सगळी मिळून 19 कोटी एकरांच्या वर आहेत.

त्यानं बेताचा कागद मला फोनवर वाचून दाखवला. मला वाटलं होतं पोरं मजा करायला चाललीत, चार दारूच्या बाटल्या आणि एक चूल. पण कागद ऐकून मी चाट पडलो. मुक्कामाची जागा तीन हजार मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे हवाच विरळ, तर दोन दिवस आधी जाऊन नुसतं बसून राहायचं, अंगाला सवय करायची. तंबू ओढ्यापासून लांब ठोकायचा, म्हणजे जनावरांची पाण्याची वाट अडत नाही. परसाकडंला पाण्यापासून लांब, वीतभर खड्डा खणून, वर माती लोटायची. अस्वलं आहेत, म्हणून खाण्याचं सामान तंबूत ठेवायचं नाही, झाडाला उंच टांगायचं नाहीतर कुलुपाच्या डब्यात ठेवायचं. वणव्याचा धोका जाहीर झाला असेल तर शेकोटी नाही. एका जागी दोन आठवड्यांपेक्षा जास्त मुक्काम नाही. नेलेला कागदाचा कपटासुद्धा परत आणायचा.

मग शिकारीचं. परवान्याआधी शिकारीचा अभ्यासवर्ग करून पास व्हावं लागतं. एका परवान्याला एकच जनावर. धनुष्य आपल्या तिरकमठ्यासारखं नाही, दोन्ही टोकांना विहिरीवर असते तशी कप्पी बसवलेली. तरीही बाण वीस-तीस, फार तर चाळीस पावलांवरनंच मारायचा. बाण लागल्यावर लगेच धावायचं नाही. निदान अर्धा तास थांबायचं, म्हणजे जनावर घाबरून लांब पळत नाही, जवळच आडवं होतं. मग रक्ताच्या ठिपक्यांवरनं माग काढायचा. मांस टाकून देणं हा तिथं गुन्हा आहे. मेलेल्या जनावराचं मांस तिथंच सोडवून, पाठीवरच्या पोत्यात भरून, चौघांनी चार-चार खेपा करत गाडीपर्यंत आणायचं. त्या खेपांचे तासही त्यानं कागदावर मांडले होते.

सगळं वाचून झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "तात्या, मी हे करतोय ते वाईट आहे का? आईला अजून सांगितलं नाही."

माझी थोरली वहिनी माळकरी. घरात अंडं शिजलेलं चालत नाही. त्यामुळं त्याचा प्रश्न वरवरचा नव्हता. मी म्हटलं, "लेका, मला चार दिवस दे."

चार दिवस मी उसाला पाणी पाजत विचार केला. माणूस जनावर मारतो तेव्हा आपल्या मनाला तीन उत्तरं देतो. ती तिन्ही मी एकेक करून तपासली.

पहिलं उत्तर गरजेचं. पोटासाठी मारलं तर पाप नाही, शौकासाठी मारलं तर पाप. हे ऐकायला सरळ वाटतं. पोराच्या घरात मोठा फ्रीज आहे, तो भरलेला आहे. म्हणजे त्याचा शौकच. पण मग मी आमच्या गावच्या शिकारीकडं बघितलं. चाळीस घरांत एका डुकराचं मांस वाटलं की एकेकाला किती येणार? एका वेळचं कालवण. त्यासाठी चाळीस माणसं दिवसभर काट्याकुट्यातनं धावायची. ती काय निव्वळ भुकेपायी? त्यात शौक होताच, मर्दुमकी होती, एकत्र येणं होतं. आणि दुसऱ्या बाजूनं बघा. रविवारी तालुक्याच्या गावी कोंबडीच्या दुकानापुढं रांग लागते. चाळीस-बेचाळीस दिवसांचं पाखरू, ज्यानं उघड्यावरचं ऊन कधी पाहिलं नाही. ते गरजेपायी कापलं जातं म्हणावं, तर रांगेतल्या कुणाचं पोट त्याच्याशिवाय अडलेलं नसतं. आपण मारत नाही, पैसे देतो, एवढंच. तेव्हा गरज आणि शौक यांच्यात आपण समजतो तसा बांध घातलेला नाही. दोन्हीकडचं पाणी एकमेकांत झिरपलेलं आहे.

दुसरं उत्तर कायद्याचं. सरकारनं परवाना दिला, मग माझ्यावर दोष कसला? पोरानं मला तिथला हिशेब सांगितला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते. बाजारात मांस विकायला बंदुकांनी मारून मारून संपवले. मग बाजारी शिकार बंद केली, शेजारच्या वायोमिंगमधनं एल्क आणून सोडले, हंगाम ठरवले. 1937 साली कायदा करून शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांना जनावरांच्या जपणुकीसाठी द्यायला सुरुवात केली, पुढं धनुष्यबाणही त्यात आले. आज त्या देशात सगळ्यात जास्त एल्क त्याच राज्यात आहेत. म्हणजे जो मारतो त्याच्याच पैशानं कळप राखला जातो. हे मला खरंच कौतुकाचं वाटलं. उसात रानडुक्कर शिरलं की मी अर्ज करतो, गार्ड येतो, पंचनामा होतो, भरपाईची वाट बघतो. जनावर राखायचा खर्च कुणी द्यायचा हा प्रश्न त्यांनी निदान उघड्यावर सोडवला आहे. आपल्याकडं तो खर्च रानाकडंच्या शेतकऱ्याच्या बांधावर गुपचूप ठेवलेला असतो.

पण परवाना किती मारायचं ते सांगतो, कसं वागायचं ते सगळं सांगत नाही. कागदाला कळपाचा हिशेब कळतो. समोर उभ्या राहिलेल्या एका जनावराशी आपला काय व्यवहार, ते कागदाला कळत नाही. कायद्यानं चालणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत ज्यांच्या शेजारी बांध लागू नये असं वाटतं.

तिसरं उत्तर धनुष्याचं. पोरगा म्हणाला, "बंदुकीनं तीनशे पावलांवरनं मारता येतं. बाणानं मारायचं तर त्याच्या श्वासाइतकं जवळ जावं लागतं. त्याला पळायची संधी असते. दहांतले नऊ जण रिकामे परत येतात म्हणतात. ही बरोबरीची झुंज आहे." हे ऐकायला मर्दाचं वाटतं. पण झुंज कशाला म्हणावं? तालमीत दोघं लंगोट लावून उतरतात, हात मिळवतात, तेव्हा झुंज. एल्कनं कुणाशी हात मिळवला? त्याला तर कुस्ती लागली आहे हेच ठाऊक नाही. आणि बाण फुफ्फुसात बसला तर जनावर शे-दीडशे पावलांत पडतं, पण पोटात बसला तर तासन् तास हाल. म्हणजे अवघड हत्यार घेतल्यानं शिकाऱ्याची परीक्षा मोठी होते, हे खरं. पण त्या परीक्षेत नापास झाल्याची शिक्षा तो भोगत नाही, जनावर भोगतं. हे एकदा ध्यानात घेतलं की अवघड हत्यारानं पुण्य वाढत नाही, जोखीम वाढते, आणि ती दुसऱ्याच्या अंगावर.

तिन्ही उत्तरं अर्धीमुर्धी निघाली. चौथ्या दिवशी मी पोराला फोन करून पहिली गोष्ट सांगितली, "आधी आईला सांग. गेल्यावर नाही, जायच्या आधी. आल्यावर सांगणं म्हणजे बातमी. जायच्या आधी सांगणं म्हणजे विचारणं."

त्यानं सांगितलं. मी तिथंच बसलेलो होतो. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "सप्टेंबरातच कशापायी? तवा तर भादवा असतो."

पोरानं खरं ते सांगितलं. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा महिना. एरवी नर रानात सापडत नाहीत. माजावर आले की उंच आवाजात शीळ घातल्यागत साद घालतात, डोंगर दणाणतो. शिकारी एक नळी फुंकून दुसऱ्या नराचा, नाहीतर मादीचा आवाज काढतो. आवाजाला भुलून नर जवळ येतो, वीस-तीस पावलांवर. धनुष्याला एवढंच अंतर लागतं.

वहिनी म्हणाल्या, "पंडू राजाची गोष्ट ठावं हाय न्हवं तुला?"

वहिनी चार बुकं शिकलेल्या नाहीत, पण कीर्तनं आयुष्यभर ऐकलेली. गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे. पंडूनं रानात हरणाच्या जोडीला बाण मारला. तो हरणाच्या रूपातला ऋषी होता, त्यानं मरताना शाप दिला. पण वहिनींनी जे दाखवलं ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तो ऋषी पंडूला शिकार केली म्हणून दोष देत नाही. राजे शिकार करतात हे त्यालाही मान्य आहे. त्याचा दोष एवढाच की तू वेळ बघितली नाहीस. जीव जिवाला मिळत असताना तू मारलंस. थांबायला हवं होतंस.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या जुन्या गोष्टींत बाणानं झालेले अनर्थ मी मोजत पडलो. दशरथानं आवाजावर बाण मारला, श्रावण मेला. जरा नावाच्या पारध्यानं हरीण समजून पायाला बाण मारला, तो कृष्णाचा पाय होता. व्याधानं क्रौंचाच्या जोडीतला एक मारला आणि वाल्मीकींच्या तोंडून शोक बाहेर पडला. या गोष्टी शिकार करू नका असं सरसकट सांगत नाहीत. न बघता मारू नका, आवाजावर मारू नका, जोडी मोडू नका, एवढं सांगतात. म्हणजे आमच्या देवळातल्या म्हाताऱ्यांची जी कलमं होती, तीच. ती काय त्यांनी पोथीतनं काढली नसतील. रानातनंच काढली असतील, आणि पोथीवाल्यांनीही तिथनंच घेतली असतील.

आता गटाविषयी. चौघं मिळून जाण्यात शहाणपण आहे. पडला-झडला तर उचलायला माणूस हवा, मांस वाहायला पाठी हव्यात. पण गटाची एक खोड मी गावात जन्मभर बघतोय. चाळीस माणसांनी मिळून केलेल्या गोष्टीचा दोष चाळीस ठिकाणी वाटला जातो, आणि एकेकाच्या वाट्याला तो इतका थोडा येतो की कुणालाच लागत नाही. मांसाचा वाटा प्रत्येक जण मोजून घेतो, दोषाचा वाटा मोजून घेतलेला कुणी पाहिला नाही. म्हणून जुन्या माणसांनी 'ज्याचा बार, त्याचा पाठलाग' असं कलम घातलं होतं. मांस सगळ्यांचं, पण जखम एकाची. त्याच्या नावावर.

आणि एकटेपणाची खोड उलटी. रानात बघायला कुणी नसतं. आज आमच्या डोंगरात शिकार बंद आहे असं कागद म्हणतो. पण गाडीच्या क्लचच्या वायरचे फास रानात सापडतात. कुठं कणकेच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवतात, डुकराचा जबडा फुटतो आणि ते दोन-दोन दिवस ओढ्याकाठी तडफडत फिरतं. कुठं कुंपणात वीज सोडतात. फासाला गाभण कळत नाही, पिल्लू कळत नाही, वेळ कळत नाही. लावणारा घरी झोपलेला असतो. कायद्यानं शिकार थांबवली ती चांगल्यासाठी. पण शिकार पुरती थांबली नाही, ती अंधारात गेली. आणि अंधारात जाताना देवळातली बैठक तेवढी मागं राहिली. जीव घेणं शिल्लक राहिलं, त्याभोवतीचं लाजणं गेलं. हे मला फार सलतं. यावर मला उपाय सापडलेला नाही. पुन्हा शिकार सुरू करा असं मी म्हणणार नाही, कारण आता तेवढं रान नाही, तेवढी जनावरं नाहीत, आणि तशी माणसंही नाहीत.

पोराशी बोलताना रान कुणाचं हाही विषय निघाला. आपण सरकारी जंगल म्हणतो तेव्हा मनात अर्थ असतो, आपलं नाही ते. तिथं त्याच शब्दाचा अर्थ, सगळ्यांचं. मी म्हटलं, "सगळ्यांचं व्हायच्या आधी ते कुणाचं होतं, तेही बघ." त्यानं बघितलं. ते डोंगर यूट नावाच्या आदिवासींचे. 1873 च्या करारात त्यांनी सान हुआनचे डोंगर सरकारला दिले, पण तिथं शिकार करायचा हक्क राखून ठेवला. जमीन गेली, राहती ठिकाणं गेली, पण त्या करारातला शिकारीचा हक्क त्यांच्या वारसांना आजही आहे. आपल्याकडं 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यात आदिवासींचे रानावरचे पुष्कळ परंपरागत हक्क मान्य झाले, शिकारीचा तेवढा स्पष्ट शब्दांत वगळला. कुठला न्याय थोर हे मी ठरवायला बसलेलो नाही. एकीकडं जमीन काढून घेतली आणि शिकार ठेवली, दुसरीकडं जमीन उशिरा का होईना परत दिली आणि शिकार काढून घेतली. पण पाहुण्यानं एवढं ओळखून असावं की आपण ज्या शेकोटीजवळ बसलोय तिथं आधी कुणीतरी बसलं होतं, आणि त्यांचीही आदली रात्र असायची.

शेवटी मी त्याला जे सांगितलं ते थोडकं आहे. जा किंवा जाऊ नको, यातलं काहीच मी म्हटलं नाही. मी म्हटलं, तुमच्या कागदात सामानाची यादी मोठी आहे, नकारांची यादी लहान आहे. ती मोठी करा. किती पावलांच्या पुढं बाण सोडायचा नाही ते प्रत्येकानं आपला हात ओळखून आजच लिहा. तिथं लिहू नका. उजेड कमी झाला की किती वाजता धनुष्य खाली, ते लिहा. बाण लागला आणि जनावर सापडलं नाही, तर कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवून, त्या माणसाची शिकार झाली असं धरा. त्याचं धनुष्य म्यानात आणि बाकीचे दिवस त्यानं माग काढायचा. ज्याचा बाण, त्याचा पाठलाग. आणि चौघांतल्या एकानं जरी नाही म्हटलं तर ती गोष्ट करायची नाही, कारण विचारायचं नाही.

वहिनींनी आपलं एक कलम घातलं. त्या म्हणाल्या, "मला पटलेलं न्हाई, आन् पटणारबी न्हाई. पण इचारलंस म्हणून सांगते. एकादशीला आन् पितरांच्या पंधरवड्यात कुणाचा जीव घेऊ नगस." पोरानं पंचांग बघितलं. चौघांना मिळालेल्या सुट्टीतले चार दिवस गेले. त्या चार दिवसांत तंबूत राहायचं, डोंगर हिंडायचा, धनुष्य गाडीत. अमेरिकन मित्रांनी हे हसून मान्य केलं म्हणे. एकजण म्हणाला, त्याची आजीही शुक्रवारी मांस खात नसे.

खरी अडचण आली ती नळीच्या आवाजावर. पोरानं बैठकीत सांगितलं, माजावर आलेल्या नराला जोडीदाराच्या आवाजानं फसवून मारायचं नाही, माझं याला नाही. दोघांनी खूप समजावलं. कायदा परवानगी देतो, सगळे असंच करतात, नळीशिवाय तीस पावलांपर्यंत जाणं जवळजवळ अशक्य, मग एवढा खटाटोप कशाला? हे सगळं खरं होतं. दोन आठवडे वाद चालला. शेवटी नळी यादीतनं निघाली आणि चौघांतला एक जण गटातनं निघाला. तो दुसऱ्या लोकांबरोबर जाणार आहे. जुना मित्र होता, आता बोलणं कमी झालंय असं पोरगा म्हणाला. आवाज जरा उतरलेला होता. मी त्याला धीर दिला नाही. नाही म्हणायला काही लागत नसतं तर ते सगळ्यांनीच म्हटलं असतं.

आता तिघं जाणार आहेत. मांस वाहायला एक पाठ कमी, आणि बहुतेक मांसही नसेलच. त्यांच्या जागी मी असतो तर गेलो असतो का, हे मला सांगता येणार नाही. माझ्या उसात रात्री डुकरं येतात तेव्हा मला त्यांची दया येते असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण जीव घ्यायचा की नाही, यावर सगळ्या जगाचं एकमत कधी होणार नाही. शाकाहारी वहिनी आणि धनुष्य घेतलेला मुलगा यांचंही झालं नाही. तरी दोघांनी बसून कागदावर दोन-चार गोष्टी काट मारून ठेवल्या. जिथं एकमत होत नाही तिथं एवढं तरी होऊ शकतं, आणि ते आदल्या रात्रीच होऊ शकतं. सकाळी उशीर झालेला असतो.